हलकी, पण सगळीकडे चालेल अशी शिकारी रायफल: काडतूस कोणतं घ्यावं?

खडकवाट

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय एकदाचा इथे टाकतोय. सध्याची रायफल दुर्बीण, पट्टा आणि भरलेल्या मॅगझिनसकट साडेचार किलोच्या पुढे जाते. मचाणावर बसायचं असेल तर तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण दिवसभर चढ-उतार करत माग काढायचा म्हटलं की दुपारनंतर ती खांद्यावर नकोशी होते, आणि ऐनवेळी धापा टाकत नेम धरावा लागतो.

आता एकच रायफल ठेवायची आहे, दुर्बिणीसकट तीन किलोच्या आसपास. लहान हरणापासून रानडुकरापर्यंत नेहमीचं काम, आणि कधीतरी एल्क या मोठ्या हरणाएवढं जनावर. अंतर बहुतेक वेळा दीडशे मीटरच्या आत. तीनशेच्या पुढे मी चाप ओढत नाही आणि ओढणारही नाही.

यादीत आहेत (नावातला पहिला आकडा म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास, पुढे टिंब असेल तर इंचात, नाहीतर मिलिमीटरमध्ये): .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर, ७ मिमी-०८ रेमिंग्टन, .३०८ विंचेस्टर, .२७० विंचेस्टर आणि .३०-०६. मित्रमंडळी मॅग्नमचा, म्हणजे जास्त दारूच्या, जास्त वेगाच्या काडतुसाचा, आग्रह धरताहेत, त्यावरही बोला.

शिकार करावी की नाही यावर इथे वेगळा धागा आहे, ती चर्चा तिकडेच राहू द्या. परवाना, हंगाम सगळं रीतसर आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

एकगोळी

.३०-०६ घ्या आणि विषय संपवा. १९०६ पासून चाललंय, आपल्यानंतरही चालेल.

गणितीकाका

एकगोळी, विषय इतक्यात संपत नाही. .३०-०६ बद्दल माझं भांडण नाही, पण खडकवाट यांनी तीन किलो म्हटलंय, आणि सगळं पाणी तिथेच मुरतंय.

गोळी आणि जळलेली दारू पुढे जाताना जेवढा संवेग घेऊन जातात तेवढाच रायफलीला मागे मिळतो. काडतूस तेच असेल तर हा आकडा बदलत नाही, मग रायफल कितीही किलोची असो. बदलते ती धक्क्याची ऊर्जा, आणि ती रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे चार किलोची रायफल तीन किलोवर आणली की त्याच काडतुसाचा धक्का एक-तृतीयांशाने वाढतो. .३०८ मध्ये ९.७ ग्रॅमची गोळी ८६० मीटर प्रति सेकंदाने सोडली तर चार किलोच्या रायफलीत साधारण १७-१८ ज्यूल, तीन किलोच्या रायफलीत २३ च्या पुढे.

तीन किलोची रायफल धरून बाकीच्यांचा हिशोब मांडला. नळीतून बाहेर पडणारा वायू १२०० मीटर प्रति सेकंदाने जातो असं धरलंय. दुसऱ्या कुणी वेगळा वेग धरला तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, क्रम बहुतेक हाच राहील.

.२४३, ६.५ ग्रॅमची गोळी: १४ ज्यूल
६.५ क्रीडमूर, ९.३ ग्रॅम: २०
७ मिमी-०८, ९.१ ग्रॅम: साधारण तेवढाच, किंचित जास्त
.३०८, ९.७ ग्रॅम: २३
.२७०, ८.४ ग्रॅम: २५
.३०-०६, ११.७ ग्रॅम: ३२
.३०० विंचेस्टर मॅग्नम, ११.७ ग्रॅम: ४३

.२७० चा आकडा पाहून बरेच जण चकित होतात. गोळी .३०८ पेक्षा हलकी, मग धक्का जास्त कसा? कारण दारू. जळलेल्या दारूलाही वजन असतं, आणि ती गोळीपेक्षा जास्त वेगाने बाहेर पडते. मॅग्नममध्ये तर दारूचाच वाटा धक्क्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जातो.

माझं मत एवढंच: तीन किलोच्या रायफलीत २०-२३ ज्यूलच्या वर जायचं असेल तर त्याला ठोस कारण हवं. तुमच्या वर्णनात मला ते दिसत नाही.

खडकवाट

काका, दंडवत. वाचनखूण साठवली. पण एक शंका. जनावर समोर असताना धक्का जाणवतच नाही असं सगळेच म्हणतात, माझाही अनुभव तोच. मग २३ आणि ३२ मधल्या फरकाचं एवढं मनावर घ्यायचं का?

पानगळ

खडकवाटदादा, जाणवत नाही हे खरं. पण शरीर त्याची नोंद ठेवतं, आणि ती नोंद चाप ओढायच्या आधीच्या क्षणी बाहेर येते.

आमच्या सरावात एक जुनी युक्ती चालते. मॅगझिन दुसऱ्याने भरायचं आणि खऱ्या काडतुसांत मधेच एखादं नकली, सरावाचं काडतूस घालायचं. नेमबाजाला ते कितवं आहे ते ठाऊक नसतं. एक धिप्पाड गृहस्थ नवीकोरी हलकी .३०० मॅग्नम घेऊन आले होते. आधीच्या खऱ्या गोळ्या झाडल्या तेव्हा रायफल एवढी उसळायची की बाकी काही दिसायलाच जागा नव्हती. मग नकलीवर पिन पडली. टक् असा कोरडा आवाज, आणि त्याच वेळी नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं. डोळे मिटलेले, डावा हात दस्ता खाली ओढत होता. ते स्वतःच बघत राहिले. खरी गोळी असती तर हे सगळं धक्क्याच्या आड लपलं असतं आणि दोष दुर्बिणीवर गेला असता.

त्यांनाच दुसऱ्याची ६.५ क्रीडमूर दिली. थोड्या वेळात नळी जागेवर राहू लागली.

आणि दुसरं, जास्त धक्क्याची रायफल माणूस सरावाला बाहेर काढतच नाही. हंगामाआधी दुर्बीण तपासण्यापुरत्या गोळ्या, मग थेट रान. ज्या रायफलीने मोकळेपणाने सराव होतो तिचीच गोळी जागेवर बसते. हलक्या मॅग्नममध्ये दुर्बिणीने भुवई फुटलेलेही पाहिलेत, ते वेगळंच.

एकगोळी

ताई, .३०-०६ मध्ये ९.७ ग्रॅमची गोळीही मिळते हो. ती घातली की धक्का बराच खाली येतो.

गणितीकाका

येतो की. पण मग ती .३०८ पेक्षा थोड्याशा जास्त वेगाची .३०८ च झाली, फक्त लांब अ‍ॅक्शनमध्ये (काडतूस नळीत भरणाऱ्या यंत्रणेत). जड गोळी हवी असेल तरच .३०-०६ ला अर्थ.

उत्तरवारा

धक्का, वेग, मोह या सगळ्याच्या आधी एक गोष्ट: कायदा काय म्हणतो ते बघा. बऱ्याच ठिकाणी काडतुसाची निवड निम्मी तिथेच होते, आणि नियम प्रत्येक देशात वेगळ्या टोकाकडून लिहिलेले असतात.

जर्मनीत रो या लहान हरणासाठी १०० मीटरवर किमान १००० ज्यूल पुरतात. पण बाकीच्या खुरांच्या जनावरांसाठी, त्यात रानडुक्कर आलं, किमान ६.५ मिमी व्यास आणि १०० मीटरवर २००० ज्यूल लागतात. म्हणजे .२४३ ऊर्जेत बसली तरी व्यासात नापास. इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठ्या हरणांसाठी किमान .२४० इंच व्यास आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पाउंड, तिथे तीच .२४३ पास. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचं वेगळं.

स्वीडनमध्ये मूससाठी (हरणांतलं सगळ्यात मोठं जनावर) गोळीचं वजनही मोजतात. ९ ग्रॅमपासून पुढे असेल तर १०० मीटरवर २७०० ज्यूल हवेत. १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २००० पुरतात. म्हणून तिकडे ६.५x५५ मध्ये १०.१ ग्रॅमची लांब, संथ गोळी एवढी रूढ आहे. त्या काडतुसाने पिढ्यानपिढ्या मूस मारले गेलेत, आणि मूस एल्कपेक्षा मोठा. ६.५ क्रीडमूरमध्ये ९.३ ग्रॅमची गोळी लांब नळीतून हा नियम पाळते, पण नळी आखूड केली की काठावर येते. त्यामुळे हलकेपणासाठी नळी कापण्याआधी १०० मीटरवरची ऊर्जा तपासून घ्या.

खडकवाट, तुमच्या परवान्यातलं सगळ्यात मोठं जनावर आणि त्याचा नियम आधी लिहून काढा. यादीतली एक-दोन नावं आपोआप गळतील.

खडकवाट

मी जिथे जातो तिथे ६.५ मिमीच्या खालचं मोठ्या जनावराला चालत नाही. म्हणजे .२४३ गेली म्हणायची.

रानमांजर

असहमत! .२४३ एवढ्यात घालवू नका. कायदा आड येतो तिथे ठीक, पण हा धागा वाचणारे सगळे त्याच कायद्याखाली नसतील. माझ्याकडे वर्षानुवर्षं आहे. हरणाला खांद्यामागे गोळी लागली की दोन उड्या आणि खाली. घरात कुणालाही वापरता येते, धक्का नाहीच म्हणा. हलक्या रायफलीसाठी याहून सोपं काडतूस दाखवा.

पानगळ

रानमांजर, हरणापुरतं शंभर टक्के मान्य. खडकवाट यांना मात्र एल्कही हवाय. मोठं जनावर नेहमी आडवं उभं राहत नाही. तिरकं उभं असेल तर गोळीला खांद्याचं हाड, स्नायू आणि भरलेलं पोट यांतून वाट काढत काळजापर्यंत जायचं असतं. ६.५ ग्रॅमची गोळी तिथे कमी पडायची शक्यता जास्त. .२४३ घेऊन मोठ्या जनावरावर जायचं तर मनासारखा कोन मिळेपर्यंत थांबायची, आणि नाही मिळाला तर हात हलवत परत यायची तयारी हवी.

रानमांजर

ते तर कुठल्याही काडतुसाला लागू आहे ना?

पानगळ

लागू आहेच. मोठ्या गोळीत थोडी जास्त सवलत मिळते एवढंच.

जुनीपुंगळी

चर्चा नव्या नावांभोवती फिरतेय, म्हणून थोडं मागे जातो. अवांतर वाटलं तर संपादकांनी उडवावं.

या यादीतली जवळजवळ सगळी मंडळी दोन घराण्यांतली. एक .३०-०६ चं: तिची पुंगळी (दारू भरायची पितळी नळकांडी) तोंडाशी आवळून १९२५ साली .२७० केली. दुसरं .३०८ चं: १९५२ साली ती बाजारात आली तीच विंचेस्टर मॉडेल ७० च्या फेदरवेट या हलक्या रूपाबरोबर. म्हणजे हलकी रायफल आणि .३०८ यांची सोयरीक जन्मापासूनची. तिचीच पुंगळी आवळून १९५५ मध्ये .२४३ आणि १९८० मध्ये ७ मिमी-०८ झाली. ६.५ क्रीडमूर २००७ ची, तिचा जन्म लक्ष्यभेदाच्या स्पर्धांसाठी. शिकाऱ्यांनी नंतर तिला आपलंसं केलं.

पण हलकी, कमी धक्क्याची आणि मोठ्या जनावरालाही पुरणारी रायफल ही कल्पना या सगळ्यांहून जुनी आहे. १८९२ चं ७x५७ माउझर बघा. इंग्रजांनी त्यालाच .२७५ रिग्बी म्हटलं. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल सर जे. पी. ह्यूएट यांनी जी रायफल भेट दिली ती हीच, .२७५ रिग्बी. डोंगरात पायी हिंडणाऱ्या माणसाला तिचं वजन झेपायचं. तिकडे आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले. हत्तीच्या कवटीची रचना त्यांनी बारकाईने अभ्यासली होती, आणि न फुलणारी घन गोळी ते मेंदूवरच मारत. बेलचा दाखला देऊन लहान काडतुसाने काहीही मारता येतं म्हणणारे ही दुसरी बाजू सांगत नाहीत.

७ मिमी-०८ म्हणजे व्यवहारात तेच ७x५७, आखूड अ‍ॅक्शनमध्ये बसवलेलं. ९.१ ग्रॅमची गोळी, वेग साधारण ८५५ मीटर प्रति सेकंद. व्यासाच्या मानाने गोळी लांब आणि जड, त्यामुळे खोल जाते. या कामाला मला यादीत हेच सगळ्यात साजेसं वाटतं. .३०८ त्याच्या मागोमाग.

डोंगरदरी

सगळं ठीक, पण एल्क म्हटल्यावर .३०० मॅग्नम नको का? लांबवर सरळ जाते, चूक पोटात घालते.

गणितीकाका

डोंगरदरी, सरळ जाते म्हणजे किती सरळ, ते मोजूया.

दुर्बीण १८० मीटरवर शून्य केली (म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच बिंदूवर जुळवली) आणि २७० मीटरवर गोळी किती खाली जाते ते पाहिलं, तर कारखान्याच्या नेहमीच्या काडतुसांचे आकडे असे येतात: .३०८ साधारण २१-२२ सेंमी, ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी-०८ वीसच्या आसपास, .३०० मॅग्नम १८, .२७० सतरा. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्यात चार-पाच सेंमी. खडकवाट तीनशेच्या पुढे जाणार नाहीत म्हणतात. एल्कच्या काळीज-फुप्फुसाचं क्षेत्र चांगलं २५ सेंमीच्या वर असतं, तिथे हा फरक हरवून जातो. लहान हरणाच्या १५ सेंमीत तो थोडाफार दिसेल. पण धाप लागलेल्या माणसाच्या हातात तीन किलोची रायफल त्याहून कितीतरी जास्त हलते.

उलट वाऱ्याकडे कुणी बघत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा २७० मीटरवर .३०८ च्या नेहमीच्या ९.७ ग्रॅमच्या गोळीला १८-२० सेंमी बाजूला ढकलतो, ६.५ क्रीडमूरच्या लांब निमुळत्या गोळीला १२-१३ सेंमी. गोळी किती खाली जाते ते अंतर मोजणाऱ्या यंत्राने कळतं. दरीतला वारा कुठल्या यंत्रात दिसत नाही. म्हणून ६.५ चा खरा फायदा वाऱ्यात आहे, आणि तोही दोनशेच्या पुढे. दीडशेच्या आत या यादीत कुणीही कुणाला हरवत नाही.

चूक पोटात घालण्याबद्दल पानगळ यांनी वर लिहिलंच आहे. पोटात बसलेली गोळी मॅग्नमची असली तरी ती पोटातच बसलेली असते.

डोंगरदरी

शेवटचं वाक्य लागलं. :) बरं, माघार. निदान .२७० ला तरी कुणी नीट वाली आहे का?

जुनीपुंगळी

.२७० ला शिकारीवर लिहिणारे जॅक ओ'कॉनर यांच्यासारखा वाली आयुष्यभर लाभला होता, आमची काय गरज. काडतूस उत्तमच आहे. पण ती लांब अ‍ॅक्शनची, आणि तीन किलोत धक्का .३०८ च्या वर. आधीपासून घरात असेल तर बदलायचं काही कारण नाही.

हातोडीछिन्नी

मी रायफली दुरुस्त करतो, म्हणून वजनाकडे माझी नजर वेगळी.

लांब अ‍ॅक्शन आणि आखूड अ‍ॅक्शन यावर लोक फार भांडतात. .३०८ घराण्याचं भरलेलं काडतूस ७१ मिमी, .३०-०६ चं ८५. त्यामुळे अ‍ॅक्शन दीड सेंमीच्या आसपास लांब होते आणि वजनात साधारण शंभर ग्रॅमचा फरक पडतो. तेवढं तर दुर्बीण बदलून निघतं. साडेतीनशे-चारशे ग्रॅमची साधी ३-९ पटीची दुर्बीण काढून लोक सातशे ग्रॅमची बसवतात आणि मग अ‍ॅक्शनचे ग्रॅम मोजत बसतात!

खरं वजन नळीत आणि दस्त्यात. नळी बारीक केली की वजन झपकन उतरतं, पण बारीक नळी लवकर तापते. तीन गोळ्यांनंतर चौथी भरकटायला लागली तर रायफल बिघडली असं समजू नका, गार होऊ द्या. शिकारीत पहिली, थंड नळीतली गोळीच कामाची, त्यामुळे सरावात तीच कागदावर कुठे बसते ते पाहा. रायफल जागेवर ठेवून, प्रत्येक गोळीनंतर नळी पूर्ण गार करून मारलेल्या गोळ्यांचा एक वेगळा कागद ठेवावा.

नळीची लांबी: दर अडीच सेंमीला वेग साधारण ६ ते ९ मीटर प्रति सेकंदाने उतरतो. ५६ वरून ५१ सेंमीवर आलात तर .३०८ आणि ७ मिमी-०८ ला फारसं दुखत नाही. जास्त दारूच्या काडतुसांना जास्त दुखतं, वर आवाज आणि ज्वाळाही वाढते. जेफ कूपर यांनी १९८० च्या दशकात स्काउट रायफलची कल्पना मांडली, तीन किलो वजन आणि एक मीटरच्या आत लांबी, आणि काडतूस .३०८ धरलं. त्यामागे हाच हिशोब होता.

मझल ब्रेक (नळीच्या तोंडाशी वायू बाजूला वळवणारा तुकडा) लावून धक्का कमी होतो, पण कानांची वाट लागते, शेजारच्याच्याही. कायद्याने चालत असेल तर सप्रेसर (आवाज दाबणारं नळकांडं) त्याहून बरा. मात्र तीनशे-चारशे ग्रॅम नळीच्या टोकाला लटकतात, मग हलकी रायफल पुढून जड होते. तो लावायचाच असेल तर नळी आधीच आखूड घ्या.

आणि फार हलकीही नको. अडीच किलोच्या खाली गेलात तर उभ्याने नेम धरताना नळी गवताच्या पात्यासारखी डोलते.

उत्तरवारा

+१. तीन किलो हा आकडा बरोबर धरलाय.

पानगळ

एवढं बोललो पण गोळीवर कुणीच आलं नाही. जनावराला काडतुसाचं नाव लागत नाही, गोळी लागते. म्हणून जरा लांब लिहिते.

१९४६ मध्ये जॉन नॉसलर मूसच्या शिकारीला गेले होते. मॅग्नम काडतूस होतं, पण गोळ्या चिखलाने लडबडलेल्या जाड कातडीवर आणि खांद्यावर लवकर फुटून वरच राहिल्या. त्यातून त्यांनी मधे तांब्याच्या मिश्रधातूची आडभिंत असलेली गोळी केली: पुढचा भाग फुलतो, मागचा भाग शाबूत राहून आत घुसतो. १९४८ मध्ये पार्टिशन या नावाने ती विकायला आली. पुरेशा वेगाच्या काडतुसालाही चुकीची गोळी अपुरी करते, हे तेव्हाच कळलं होतं.

आजच्या गोळ्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार. साधी, शिसं आणि त्यावर पातळ तांब्याचं आवरण: मध्यम वेगात आणि हरणावर छान. पण जवळून, जास्त वेगाने हाडावर बसली की फुटते आणि पुढच्या फऱ्याचं मांस जांभळं होऊन वाया जातं. ते कातडं सोलताना कळतं: बोटाने दाबलं की रक्ताच्या गाठी, त्यात शिशाचे बारीक कण, हाताला टोचणारे. दुसरी, शिसं आवरणाला घट्ट जोडलेली: हाडातूनही वजन टिकवते. तिसरी, पूर्ण तांब्याची: वजन जवळजवळ सगळं टिकवते, मांस कमी खराब करते.

तांब्याचे दोन नखरे आहेत. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर राहायला नळीतल्या आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) पीळ जास्त घट्ट लागतो. शिवाय ती फुलायला वेग लागतो. बऱ्याच तांब्याच्या गोळ्यांना साडेपाचशे-सहाशे मीटर प्रति सेकंदाच्या खाली नीट फुलता येत नाही. म्हणून तांबं घ्यायचं तर नेहमीपेक्षा एक पायरी हलकी गोळी घ्यावी, वेग वाढतो आणि धक्काही कमी होतो.

हे ऐच्छिक राहिलेलं नाही. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, डेन्मार्कमध्ये एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या शिशाच्या गोळ्या बंद. आज रायफल घेताना दहा-वीस वर्षांचा विचार करणार असाल तर काडतुसात चांगली तांब्याची गोळी मिळते का, हे आताच बघा. यादीतल्या सगळ्यांत मिळते, पण निवड .३०८ आणि ६.५ क्रीडमूरमध्ये जास्त.

रानमांजर

पानगळताई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

खडकवाट

मंडळी, मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

चाळणी लावली ती अशी. .२४३ कायद्याने गेली. .३०-०६ आणि .२७० तीन किलोत नको, धक्क्याचा हिशोब पटला. मॅग्नमचा विषय डोंगरदरी यांच्याबरोबर मीही सोडला. उरल्या तीन: ६.५ क्रीडमूर, ७ मिमी-०८ आणि .३०८.

दीडशेच्या आतलंच काम जास्त, त्यामुळे ६.५ चा वाऱ्यातला फायदा मला क्वचितच मिळेल. ७ मिमी-०८ मनात भरतेय: धक्का ६.५ एवढा, गोळी थोडी रुंद. शंका एकच, दुकानात ती .३०८ एवढी सहज दिसत नाही. प्रवासात पेटी हरवली तर .३०८ कुठेही मिळेल, ही नाही. जुनीपुंगळी, यावर तुमचं काय?

जुनीपुंगळी

वर्षाला जेवढी लागतात तेवढी एकाच लॉटची एकदम घेऊन ठेवा, कायद्याने जेवढी ठेवता येतात तेवढी. असंही दुकानात जे मिळेल ते ऐनवेळी उचलून शिकारीला जाणं बरं नाही. काडतूस तेच असलं तरी गोळी बदलली की शून्य बदलतं, आणि प्रवासात नवी पेटी घेतली तर नेम पुन्हा लावावाच लागतो. विमानाने वारंवार जाणार असाल तर मात्र .३०८ घ्या, तिथे माझा हट्ट नाही.

खडकवाट

विमानाने क्वचितच. मग ७ मिमी-०८. हातोडीछिन्नी, नळी ५१ घेऊ की ५६? सप्रेसर लावणार नाही. आणि पीळ किती मागू?

हातोडीछिन्नी

सप्रेसर नाही तर ५६. हातात घेतल्यावर नळी स्थिर वाटते आणि वेगही राहतो. पीळ साडेनऊ इंचांना एक वेढा असा सर्रास मिळतो, शिशाच्या ९.१ ग्रॅमला तो भरपूर. तांब्याची गोळी वापरणार असाल तर नऊ किंवा त्याहून घट्ट मिळाला तर बरा, नाहीतर ७.८ ग्रॅमची घ्या. ती साडेनऊमध्येही बसेल आणि पानगळ यांनी सांगितलेला वेगही मिळेल. घेण्याआधी दस्त्याची लांबी खांद्याला लावून पाहा, थंडीच्या जाड कपड्यांत. मागचं रबर मऊ असू द्या, ग्रॅम वाचवायला ते कापू नका.

एकगोळी

.३०-०६ मध्ये हे सगळे प्रश्नच आले नसते.

गणितीकाका

एकगोळी, तुमची रायफल किती किलोची?

एकगोळी

चार किलो दोनशे. दुर्बीण सोडून.